जैविक फवारणीनंतर ढालकिड्याच्या अळीचं काय होतं?

माव्यानं, म्हणजे रस शोषणाऱ्या बारीक किडीनं, भरलेल्या फांदीवर ढालकिड्याची (लेडीबर्डची) अळी ओळखायला नजर लागते. काळपट, नारिंगी ठिपक्यांची, काटेरी दिसणारी ही अळी मोठेपणी गोलमटोल, चकचकीत किडा होईल असं वाटतच नाही. कित्येक जण तिलाच कीड समजून चिरडतात. माव्याचा फडशा मात्र तीच पाडते. औषध ‘जैविक’ आहे एवढ्यावर ती वाचेल असं धरून चालता येत नाही.

काही जैविक औषधं खरोखरच नेम धरून मारतात. बीटी (बॅसिलस थुरिंजिएन्सिस) जिवाणूचं विषारी प्रथिन पोटात गेल्याशिवाय काही करत नाही. पतंगाच्या अळीच्या अल्कधर्मी आतड्यात ते विरघळतं आणि तिथल्या ठरावीक रेणूंना चिकटून आतड्याला भोकं पाडतं. ढालकिड्याला किंवा मावा खाणाऱ्या क्रायसोपा या जाळीदार पंखांच्या कीटकाला पतंगाच्या अळ्यांसाठीच्या बीटी वाणांचा सहसा त्रास होत नाही. अळ्यांना रोग लावणाऱ्या एनपीव्ही विषाणूची तर कमालच आहे. भक्षक कीटकानं रोगट अळी खाल्ली, तरी विषाणू त्याच्या पोटातून धडधाकट बाहेर पडतो आणि विष्ठेबरोबर शेतभर पसरतो.

स्पिनोसॅडही जमिनीतल्या जिवाणूपासूनच मिळतं, पण ते थेट मज्जासंस्थेवर घाला घालतं. ढालकिडे त्यातून बऱ्यापैकी तगतात. किडींच्या अंड्यांत वाढणाऱ्या ट्रायकोग्रामासारख्या इवल्या परोपजीवी गांधीलमाश्यांना मात्र ते फार जड जातं. फवारा ओला असेपर्यंत मधमाश्यांनाही धोका असतो. पायरेथ्रम हे फुलांपासून मिळणारं कीटकनाशक आपलं-परकं पाहत नाही, फक्त उन्हात लवकर निकामी होतं.

कीटकांना रोग लावणाऱ्या बुव्हेरिया बुरशीचं वेगळंच. 1835 साली अगोस्तिनो बास्सी यांनी रेशीमकिड्यांच्या रोगाला हीच बुरशी कारणीभूत असल्याचं दाखवलं. तिला कीटकाच्या पोटात जावं लागत नाही. बीजाणू अंगावर रुजतो आणि कवच भेदून आत शिरतो. दमट हवेत ती ढालकिड्यालाही लागू शकते, अर्थात वाणावाणात फरक पडतो.

मला सर्वात जास्त काळजी वाटते ती न दिसणाऱ्या नुकसानीची. निंबोळी अर्कातलं अझाडिरॅक्टिन कात टाकण्याच्या संप्रेरकांमध्ये बिघाड करतं. फवारणीच्या दुसऱ्या दिवशी पाहिलं तर प्रौढ ढालकिडे टुणटुणीत फिरताना दिसतात, अळ्याही चालत असतात. पुढे कात टाकायची वेळ आली की काही अळ्या जुन्या कातडीतच अडकून मरतात. काही कोषातून बाहेर येतात त्या चुरगळलेले पंख घेऊन. अळी जितकी लहान, तितका फटका मोठा. मेलेले किडे दोनच दिवसांत मोजून औषधाला ‘सुरक्षित’ म्हटलं, तर हे सगळं हिशेबातून सुटतं.

शिवाय मावा पार संपला, तर ढालकिड्याची मादी अंडी न घालताच दुसरीकडे उडून जाते. म्हणून सरसकट फवारणी करू नये, मावा आवाक्याबाहेर गेलेल्या फांद्याच निवडाव्यात. स्पिनोसॅड किंवा बुव्हेरिया संध्याकाळी फवारावं: मधमाश्या परतलेल्या असतात आणि बुरशीला ऊन लागत नाही. निंबोळी अर्क वापरण्याआधी पानं उलटून पाहावीत. पिवळ्या, उभट अंड्यांचे पुंजके दिसले, तर ती फांदी ढालकिड्यांवरच सोडावी.