दोन रीतींची तुलना आणि दोन उदाहरणांची तुलना

एकाच गणिताच्या दोन रीती शेजारी मांडणे आणि दोन वेगळी गणिते शेजारी मांडणे, या दोहोंना आपण सरसकट तुलना म्हणतो. परंतु मुले त्यांतून निरनिराळ्या गोष्टी शिकतात.

३(क्ष + १) = १५ हे समीकरण घेऊ. डावीकडे कंस सोडवून ३क्ष + ३ = १५, मग ३क्ष = १२ आणि क्ष = ४ असे लिहावे; उजवीकडे आधीच दोन्ही बाजूंना ३ ने भागून क्ष + १ = ५ आणि क्ष = ४. उत्तर एकच असल्यामुळे मुलाचे लक्ष पायऱ्यांकडे वळते आणि संपूर्ण कंसाला एकच संख्या मानणे का चालते, हा मोलाचा प्रश्न समोर येतो. मग १५ च्या जागी १४ लिहून पाहावे. आता भागताच अपूर्णांक येतो आणि लांबची वाटणारी पहिली रीत बरी वाटू लागते. गणित-शिक्षणाचा अभ्यास करणारे संशोधक बेथनी रिटल-जॉन्सन आणि जॉन स्टार यांच्या २००७ मधील प्रयोगात सातवीच्या ज्या मुलांनी अशा रीती शेजारी ठेवून अभ्यासल्या, त्यांना त्या एकामागून एक अभ्यासणाऱ्या मुलांपेक्षा समीकरणे सोडवणे आणि प्रसंगानुसार रीत बदलणे अधिक जमले.

आता दुसरी तुलना. 'मुलीजवळ ८ मणी आहेत. भावाजवळ तिच्यापेक्षा ३ जास्त आहेत' आणि 'मुलीजवळ ८ मणी आहेत. ते भावाच्या मण्यांपेक्षा ३ ने जास्त आहेत'. भावाजवळ पहिल्यात ११ मणी, दुसऱ्यात ५. 'जास्त' दिसताच बेरीज करणाऱ्या मुलाला ही जोडी कोणाचे कोणापेक्षा जास्त, हे वाचायला लावते. इथे रीतीची निवड नसून गणिताचा प्रकार ओळखायचा आहे.

माझ्या मते मोठी चूक होते ती दोन्ही एकदम बदलण्यात. नवी रीत नव्या गणितावर दाखवली, तर सोपेपणा रीतीमुळे आला की आकड्यांमुळे, हे मुलाला कळायला मार्ग उरत नाही.

क्रमही पाहावा लागतो. याच संशोधकांनी सहकाऱ्यासह २००९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, ज्या मुलांनी आरंभी बीजगणिताची कोणतीही रीत वापरून पाहिली नव्हती, त्यांना रीतींच्या तुलनेपेक्षा गणितांच्या प्रकारांची तुलना किंवा एकेक उदाहरण अभ्यासणे अधिक उपयोगी पडले. म्हणून एक रीत हातात बसल्यावरच तिच्या शेजारी दुसरी मांडावी.