खंडणी कोणाला दिली? वधस्तंभ आणि देवाच्या प्रीतीमागच्या एका शब्दाची पार्श्वभूमी

उत्तम शुक्रवारी, म्हणजे येशूच्या वधस्तंभावरील मरणाच्या स्मरणदिनी (गुड फ्रायडेला), दुपारी सोलापुरात एकाच वस्तूची निरनिराळी नावे कानावर पडतात. मराठी मंडळीत (चर्चमध्ये) शास्त्रपाठ वाचताना ‘वधस्तंभ’, गाणे सुरू झाले की ‘क्रूस’. तेलुगू मंडळीत ‘सिलुव’, कन्नड मंडळीत ‘शिलुबे’, आणि उर्दू बोलणाऱ्याच्या तोंडी ‘सलीब’. यातली शेवटची तिन्ही एकाच घराण्यातली. केरळच्या जुन्या ख्रिस्ती लोकांची उपासनेची भाषा सिरियाक ही पश्चिम आशियातली जुनी भाषा होती. तिच्यातला शब्द दक्षिणेतल्या भाषांत उतरला, आणि त्याचाच अरबी भाऊबंद उर्दूत आला. ‘क्रूस’ पोर्तुगीजांबरोबर किनाऱ्यावर उतरला आणि घाट चढून इकडे आला. ‘वधस्तंभ’ मात्र भाषांतरकारांनी संस्कृतातून घडवला. मूळ ग्रीक शब्दाचा जुना अर्थ उभा खांब असाच असल्याने तो चुकीचा नाही, पण त्यात आडवा दांडा हरवतो. शिक्षा झालेल्याच्या खांद्यावर बहुधा तो आडवा दांडाच दिला जाई. उभा खांब शिक्षेच्या जागी आधीच रोवलेला असे. ‘वधस्तंभ वाहिला’ असे वाचताना हे ध्यानात नसले, तर डोळ्यांपुढे नंतरच्या चित्रांतला अखंड क्रूस येतो.

रोमी राज्यात ही शिक्षा गुलामांना आणि बंडखोरांना होती. 1968 मध्ये जेरुसलेमजवळच्या एका थडग्यात टाचेचे हाड सापडले. त्यात सुमारे साडेअकरा सेंटिमीटरचा लोखंडी खिळा अजून अडकलेला होता. पहिली तीन शतके ख्रिस्ती लोक हे दृश्य सहसा चितारत नसत. चौथ्या शतकात ही शिक्षा बंद झाली आणि त्यानंतर क्रूस हळूहळू भिंतींवर आणि दारांवर दिसू लागला.

सोलापूरच्या प्रवचनांत खरा गुंता होतो तो ‘खंडणी’ या शब्दाने. मार्काच्या शुभवर्तमानात, दहाव्या अध्यायाच्या 45 व्या वचनात, येशू म्हणतो की मनुष्याचा पुत्र सेवा करायला आणि पुष्कळांसाठी आपला जीव खंडणी म्हणून द्यायला आला आहे. मत्तयाच्या विसाव्या अध्यायातही हेच आहे. प्रचलित मराठी बायबल वाचणाऱ्याला हा शब्द पाठ असतो. पण आज ‘खंडणी’ म्हटले की डोळ्यांपुढे वर्तमानपत्रातली बातमी येते: व्यापाऱ्याला फोन, धमकी, गुन्हा दाखल. त्याआधीच्या काळात खंडणी म्हणजे जिंकलेल्या मुलखाकडून ठरवून वसूल केलेली रक्कम. दोन्ही अर्थांत घेणारा बळजोर असतो आणि देणारा दबलेला. म्हणून नव्याने वाचणारा सरळ विचारतो, ही खंडणी मागितली कोणी? देवाने? मग प्रीती कुठे राहिली?

मूळ ग्रीक शब्द आहे ‘लुत्रोन’. गुलामाला मोकळे करण्यासाठी किंवा युद्धकैद्याला सोडवून आणण्यासाठी भरलेली किंमत, असा त्याचा व्यवहारातला अर्थ. सोलापूर भागात हे समजवायला ‘उचल’ हा शब्द पुरतो. ऊसतोडणीला जाणारा गडी मुकादमाकडून उचल घेतो. ती फिटेपर्यंत त्याला दुसरीकडे कामाला जाता येत नाही. तिसऱ्याच कोणी येऊन ती फेडली तर गडी मोकळा. लुत्रोन म्हणजे ती फेड. इथे वजन सुटकेवर पडते, वसुलीवर नाही. एवढ्यावर थांबावे, कारण उपमा पुढे ताणली की देवाला मुकादमाच्या जागी बसवावे लागते, आणि ते शास्त्रात कुठेच नाही. ज्या वचनांत हा शब्द येतो त्यांत देणारा सांगितला आहे, ज्यांच्यासाठी दिले तेही सांगितले आहेत. घेणाऱ्याचे नाव नाही.

ही रिकामी जागा भरण्याचा मोह मात्र फार जुना आहे. तिसऱ्या शतकात अलेक्झांड्रियाच्या एका पंडिताने सुचवले की किंमत सैतानाला दिली गेली. चौथ्या शतकात दुसऱ्या एकाने आमिष लावलेल्या गळाचा दृष्टांत दिला: सैतानाने येशूच्या मानवी देहाचे आमिष गिळले आणि आत लपलेल्या देवत्वाच्या गळाला तो लागला. त्याच पिढीतल्या त्याच्या मित्राला हे मुळीच पटले नाही: लुटारूला मोबदला कशाला, आणि ज्या पित्याने अब्राहामाच्या हातून इसहाकाचा बळी घेतला नाही तो पुत्राचा कसा घेईल, असा त्याचा प्रश्न. 11 व्या शतकाच्या अखेरीस कँटरबरीच्या आर्चबिशपने सैतानाला हिशेबातून काढले आणि देवाच्या मानाची भरपाई ही कल्पना मांडली. पुढच्याच शतकात पॅरिसच्या एका शिक्षकाने भर दिला तो वधस्तंभ पाहून माणसात जागी होणाऱ्या प्रीतीवर. 16 व्या शतकातल्या प्रोटेस्टंट सुधारकांनी सगळे कोर्टात नेले: गुन्हा आमचा, शिक्षा ख्रिस्ताला.

महाराष्ट्रात जी शिकवण प्रामुख्याने आली ती ही शेवटची, कोर्टाची. अमेरिकन मिशन 1813 मध्ये मुंबईत, 1831 मध्ये अहमदनगरला आणि 1860 च्या दशकात सोलापुरात पोहोचले. पत्रकांतून, प्रश्नोत्तरांतून, रविवारच्या शाळेतून तोच साचा पिढ्यान्‌पिढ्या गिरवला गेला. शास्त्राधार त्याला आहे, पण तो एकटा राहिला की ऐकणाऱ्याच्या मनात रागावलेला बाप आणि मध्ये पडलेला मुलगा असे चित्र उभे राहते. योहानाच्या पहिल्या पत्राच्या चौथ्या अध्यायातले दहावे वचन हा क्रम उलटा लावते: आधी देवाची प्रीती, तिच्यामुळे पुत्राला पाठवणे, आणि मग प्रायश्चित्त. वधस्तंभामुळे देव प्रेमळ झाला असे नव्हे; तो प्रेमळ होता म्हणून वधस्तंभ.

‘प्रायश्चित्त’ या शब्दाचीही अडचण आहे. मराठीत ते पापी स्वतः घेतो, इथे ते दुसराच देतो. ज्याने शुद्धी मागायची त्यानेच ती भरावी, हे मराठी कानाला आजही चमत्कारिक वाटते. पुणे-सोलापूर रेल्वेमार्गावरच्या केडगावात एका विदुषीने आयुष्याची शेवटची वर्षे साध्या मराठीतल्या भाषांतराला दिली. तिच्या मृत्यूनंतर, 1924 मध्ये ते छापून झाले. धर्मशास्त्राचा जुना वास असलेले शब्द टाळण्याचा तिचा आग्रह होता. तो आग्रह मंडळ्यांनी पुरेसा मनावर घेतला नाही, हे मोठे नुकसान आहे. कवितेने मात्र वाट काढली. 1895 मध्ये बाप्तिस्मा घेतलेल्या एका ब्राह्मण कवीच्या अभंगांत ख्रिस्त माउली होऊन आला. आईने लेकरासाठी सोसले तर किंमत कोणाला दिली असे कोणी विचारत नाही. पेटी-तबल्यावर ती भजने सुरू झाली की आदल्या अर्ध्या तासाचे कोर्ट आपोआप उठते.

प्रत्यक्ष उपासनेत हा तोल कुठे बिघडतो ते उत्तम शुक्रवारीच दिसते. तीन तासांची ही उपासना 17 व्या शतकाच्या अखेरीस पेरूच्या लिमा शहरात सुरू झाली आणि जगभर पसरली. तिच्यात येशूने वधस्तंभावरून काढलेल्या उद्गारांवर संदेश होतात. उद्गार सात: तीन लूकमधले, तीन योहानातले, एक मत्तय आणि मार्कातला. एकूण मिनिटे 180. प्रत्येक उद्गाराला शास्त्रपाठ आणि संदेश मिळून 20 मिनिटे धरली तर 140 होतात, आणि गाणी, प्रार्थना, शांतता यांना 40 उरतात. पहिल्या दोन वक्त्यांनी दहा-दहा मिनिटे जास्त घेतली की सहाव्या उद्गाराला धावत जावे लागते. मार्च-एप्रिलच्या उन्हात अडीच वाजता लोकही थकलेले असतात. मग दुःख सविस्तर ऐकू येते आणि ‘पूर्ण झाले आहे’ हा उद्गार घाईत उरकतो. त्यात आणखी एक चूक रूढ आहे: या उद्गाराचा मूळ ग्रीक शब्द पावतीवर ‘रक्कम पोचली’ म्हणून लिहीत, असे ठासून सांगितले जाते. ज्या पावत्यांवर हे उभे आहे त्यांवरच्या संक्षेपाचे वाचन पुढच्या अभ्यासकांनी वेगळे लावले आहे, त्यामुळे आधार कच्चा. खंडणीचा हिशेब पुन्हा मागल्या दाराने आत येतो तो इथून.

चौथा उद्गार सर्वांत जपून हाताळावा लागतो. ‘माझ्या देवा, माझ्या देवा, तू माझा त्याग का केलास?’ ही स्तोत्र 22 ची पहिली ओळ. एवढीच वाचून संदेश सुरू केला की पित्याने पुत्राकडे पाठ फिरवली, यावरच सगळा भर जातो. स्तोत्रात 31 वचने आहेत आणि सावकाश वाचायला पाचेक मिनिटे लागतात. चोविसाव्या वचनात पीडिताने धावा केला तेव्हा देवाने आपले तोंड लपवले नाही, त्याचे ऐकले, असे स्पष्ट लिहिले आहे. वेळ कमी असेल तर पहिली दोन वचने आणि बावीस ते चोवीस एवढी तरी वाचावीत, आणि वाचणाऱ्याला आदल्या रविवारीच सांगून ठेवावे.