फ्रँकमधलं गृहकर्ज आणि लक्झेंबर्गचं उत्तर

१ मे २००४ रोजी पोलंड युरोपीय संघात दाखल झाला. पुढच्या काही वर्षांत तिथल्या लाखो लोकांनी घरासाठी स्विस फ्रँकशी जोडलेलं कर्ज काढलं. फ्रँकवरचं व्याज कमी, त्यामुळे हप्ता हलका. मेख करारात होती. कर्ज देताना बँक फ्रँकचा खरेदीचा दर लावायची, हप्ता घेताना विक्रीचा, आणि दोन्ही दर तिचे तीच ठरवायची. १५ जानेवारी २०१५ला स्वित्झर्लंडच्या मध्यवर्ती बँकेने फ्रँकच्या किमतीवरचा लगाम अचानक सोडला आणि फ्रँक महागला. वर्षानुवर्षं हप्ते भरलेल्या अनेकांच्या डोक्यावर घेतलं त्याहून जास्त झ्लॉटींचं (पोलंडच्या चलनातलं) कर्ज दिसू लागलं.

लोक कोर्टात गेले. अन्यायकारक अट ग्राहकावर बंधनकारक नाही, असं कलम पोलंडच्या नागरी संहितेत होतंच. ते आलं होतं युरोपच्या १९९३च्या निर्देशातून. काय साधायचं ते निर्देश ठरवून देतो, कायदा प्रत्येक देश आपल्या पद्धतीने करतो. अडचण पुढे होती. अट काढून टाकली, तर करारात पडलेली पोकळी देशी कायद्यातल्या सर्वसाधारण तत्त्वांनी भरायची का?

वॉर्साच्या एका न्यायालयाने हा प्रश्न लक्झेंबर्गच्या युरोपीय न्यायालयाला विचारला. या साऱ्या रचनेत मला हीच सोय सर्वांत मोलाची वाटते. अगदी तालुक्याच्या पातळीवरचा न्यायाधीशसुद्धा वरिष्ठांची परवानगी न घेता थेट प्रश्न पाठवू शकतो. लक्झेंबर्ग खटल्याचा निकाल देत नाही, युरोपीय कायद्याचा अर्थ सांगतं. निकाल वॉर्सातच लागतो. मात्र तो अर्थ बंधनकारक असतो, आणि देशी कायदा आड आला तर तो बाजूला ठेवावा लागतो. हे तत्त्व १९६४चं, पोलंड संघात येण्याच्या ४० वर्षं आधीचं.

३ ऑक्टोबर २०१९ला उत्तर आलं: अशा तत्त्वांनी पोकळी भरायची नाही. अटीविना करार उभा राहत नसेल, तर तो रद्द होऊ शकतो, आणि त्यात ग्राहकाची इच्छा महत्त्वाची. मग खटल्यांचा असा पूर आला, की २०२१मध्ये वॉर्सात फक्त फ्रँकच्या दाव्यांसाठी वेगळा विभाग उघडावा लागला.

त्याच वर्षी ७ ऑक्टोबरला पोलंडच्या घटनात्मक न्यायाधिकरणाने युरोपीय संघाच्या करारातली काही कलमं राज्यघटनेशी विसंगत ठरवली. न्यायाधीशांना शिस्त लावणाऱ्या वादग्रस्त कक्षाचं काम थांबवण्याचा लक्झेंबर्गचा आदेशही सरकारने पुरता पाळला नव्हता. त्या महिन्याच्या अखेरीस लक्झेंबर्गने दिवसाला १० लाख युरो दंड बसवला. हा वाद दोन बड्या सत्तांमधला वाटतो, पण झळ थेट कर्जदारापर्यंत पोचते. कारवाईच्या भीतीने न्यायाधीशाने प्रश्नच पाठवला नाही, तर उत्तर येणार कुठून?

न्यायाधीशांवर बंधनं घालणारा पोलंडचा कायदा ५ जून २०२३ला युरोपीय कायद्याविरुद्ध ठरला. दहा दिवसांनी फ्रँकच्या कर्जांवर आणखी एक उत्तर आलं: करार रद्द झाल्यावर बँकेने मुद्दल आणि थकबाकीवरचं कायदेशीर व्याज मागावं, पैसा वापरल्याचा वेगळा मोबदला मागू नये.