लोड गाडी आणि मोबाइलचा नकाशा : ग्राहकांसाठी माहितीपत्रक

आमच्याकडून मोबाइल स्टँड, चार्जर किंवा ट्रॅकर बसवून घेणाऱ्या ड्रायव्हरभाऊंसाठी आणि गाडीमालकांसाठी हे पत्रक आहे. एक प्रत गाडीच्या कागदपत्रांसोबत ठेवा.

गूगल मॅप्समध्ये कार आहे, मोटारसायकल आहे, पायी चालणारा आहे. ट्रक नाही. तुमची गाडी बारा चाकी आहे, ताडपत्रीखालचा माल केबिनच्या वर गेलाय, वळायला किती जागा लागते, यातलं काहीच त्या नकाशाला माहीत नसतं. कारवाल्याला जो रस्ता सांगेल, तोच तो तुम्हाला सांगतो. म्हणून रस्ता तुम्ही ठरवायचा आणि नकाशाकडून तो पाळून घ्यायचा. हे कसं करायचं, ते पुढे दिलंय.

निघण्याआधी

आधी नकाशात वर दिसणारं वाहनाचं चिन्ह बघा. घरी मोटारसायकल चालवणाऱ्या ड्रायव्हरच्या फोनवर बऱ्याचदा दुचाकीचा पर्याय तसाच राहिलेला असतो. मग नकाशा गावातल्या बोळांतून नेतो आणि पुणे-मुंबई एक्सप्रेस वे दाखवतच नाही, कारण तिथे दुचाकीला बंदी आहे. चिन्ह कारचंच हवं.

दुसरं, ‘टोल टाळा’ हा पर्याय बंद ठेवा. काही मालक तो मुद्दाम चालू ठेवायला सांगतात. त्यांना आमची कळकळीची विनंती आहे, असं करू नका. टोल चुकवणारा रस्ता बहुतेक वेळा बाजारपेठेतून, गतिरोधकांवरून किंवा कच्च्या साइडपट्टीच्या अरुंद डांबरीवरून जातो. टोलचे वाचलेले पैसे डिझेलमध्ये आणि टायरमध्ये जातात.

आता सगळ्यात महत्त्वाचं, थांबे टाकणं. समजा शिरवळ एमआयडीसीतून महाडला माल न्यायचाय. जवळचा रस्ता भोरवरून वरंध घाटाने. नागमोडी, अरुंद घाट, दरडींचा धोका, आणि पावसाळ्यात तो जड वाहनांना बंद करण्याचे आदेश निघतात. लोड गाडीला पुणे बायपास, एक्सप्रेस वे, खोपोली, पेण, वडखळ, माणगाव असा लांबचा रस्ता बरा. नुसतं ‘महाड’ टाकलं तर नकाशा अंतर आणि वेळ बघणार. म्हणून ‘थांबा जोडा’ वर जाऊन खोपोली, वडखळ आणि माणगाव हे थांबे क्रमाने टाका. नकाशाला मग तिकडूनच जावं लागतं.

यात एक खुबी आहे. थांब्याची पिन नकाशा मोठा करून हायवेवर, आपण जाणार त्याच बाजूच्या लेनवर टाका. पलीकडच्या लेनवर पडली तर तिथे पोचल्यावर फोन यू-टर्न घ्यायला सांगत राहतो आणि नवखा ड्रायव्हर गोंधळतो.

चालू प्रवासात ‘वेगवान रस्ता सापडला’ असा संदेश येतो. तो तसाच सोडला तर काही वेळा नकाशा आपोआप नव्या रस्त्यावर जातो. क्लीनरला सांगून ठेवा, असा संदेश दिसला की नकार द्यायचा. हायवेवर गाड्या तुंबल्या असतील तर लाइनीत उभं राहणं परवडतं, पण ट्रेलर आडरस्त्यात अडकला तर रिव्हर्सलाही जागा मिळत नाही.

उंची, बंदी, पाणी

न्हावाशेव्याहून कंटेनर उचलणाऱ्यांनी हा भाग नीट वाचावा. साधा कंटेनर साडेआठ फूट उंच असतो, हायक्यूब साडेनऊ. ट्रेलरची उंची धरली की हायक्यूब चौदा फुटांच्या वर जातो. रेल्वेखालचे अनेक भुयारी मार्ग याहून बुटके आहेत. तिथे उंचीचा फलक आणि आडवा लोखंडी बार असतो, नकाशात मात्र सरळ निळी रेघ दिसते. गाडी भरली की टेप लावून जमिनीपासूनची उंची मोजा आणि खडूने किंवा मार्करने डॅशबोर्डवर लिहा. माल बदलला की आकडा बदला.

शहरातली नो एंट्री कारच्या नकाशात येत नाही. मुंबई-पुण्यात जड वाहनांच्या वेळा ठरलेल्या असतात. गणपतीत मुंबई-गोवा महामार्गावर दरवर्षी जड वाहतुकीवर काही दिवस निर्बंध येतात. या गोष्टी ट्रान्सपोर्टवाल्याला किंवा पार्टीला, म्हणजे माल देणाऱ्या-घेणाऱ्याला, फोन करून विचाराव्यात.

जानेवारी 2021 मध्ये अकोले तालुक्यात कोतूळजवळ रात्री नकाशाच्या भरवशावर निघालेली एक कार धरणाच्या पाण्याखाली गेलेल्या पुलावर गेली आणि त्यात चालकाचा जीव गेला. अनोळखी रस्त्यावर रात्री पुढे पाणी चमकलं किंवा समोरून बराच वेळ एकही गाडी आली नाही, तर थांबा. उतरून बघा, जवळच्या वस्तीवर विचारा.

वेळ

फोनवर दिसणारी पोचण्याची वेळ कारची असते. समृद्धी महामार्ग 701 किलोमीटरचा आहे. कारला तिथे ताशी 120 ची मर्यादा, मालगाडीला 80 ची. 80 ने कुठेही न थांबता गाडी धावली तरी पावणेनऊ तास होतात. मालकांनी पार्टीला वेळ कळवताना हा हिशेब करावा. मागे पडलेली वेळ भरून काढायला उतारावर न्यूट्रल करणं हा सगळ्यात घातक प्रकार आहे. साताऱ्याकडून येताना नव्या कात्रज बोगद्यापासून नवले पुलापर्यंतच्या उतारावर ब्रेक तापून किती अपघात झालेत, हे या लाइनवरच्या प्रत्येकाला ठाऊक आहे. गाडी गिअरमध्येच उतरवा.

पार्टीचं लोकेशन

व्हॉट्सॲपवर येणारं लोकेशन पुष्कळदा ऑफिसचं असतं. मालाचं गेट मागच्या रस्त्याला, कधी वेगळ्याच प्लॉटवर निघतं. प्लॉट नंबर आणि गेट नंबर फोनवर विचारून घ्या. मग नकाशाचं उपग्रह चित्र उघडून गेटसमोर ट्रेलर वळेल का ते बघा. एवढं पाहिलं तर अर्ध्या रात्री वॉचमनशी वाद होत नाही.

सिग्नल गेला तर

जागा उपग्रहांकडून कळते, त्याला इंटरनेट लागत नाही. नकाशाचं चित्र आणि ट्रॅफिक यांना लागतं. म्हणून घाटाच्या पट्ट्याचा ऑफलाइन नकाशा वायफायवर आधीच उतरवून ठेवा. बोगद्यात उपग्रह दिसत नाहीत. समृद्धीवरच्या इगतपुरीच्या बोगद्यात, जो जवळपास 8 किलोमीटर लांब आहे, निळा बाण अंदाजाने सरकतो किंवा थांबतो. उड्डाणपूल आणि सर्व्हिस रोड शेजारी असले तर बाण चुकीच्या रस्त्यावर उडी मारतो. अशा वेळी वरचा हिरवा फलक वाचा, तो खरा.

स्टँड आणि चार्जर

मोठ्या ट्रकची बॅटरी 24 व्होल्टची असते, पिकअपची 12 ची. रस्त्यावर मिळणारा फक्त 12 व्होल्टचा स्वस्त चार्जर ट्रकला लावला तर तो जळतो, फोनही जाऊ शकतो. 12 आणि 24 दोन्ही लिहिलेलाच घ्या. स्टँड काचेच्या मधोमध नको. हाताच्या अंतरावर, नजरेच्या खाली आणि आरसा झाकणार नाही असा बसवून घ्या. उन्हाळ्यात थेट उन्हात फोन तापून स्क्रीन मंद होते. स्टँड एसीच्या झरोक्याजवळ असला तर बरं.

चालू गाडीत हातातलं उपकरण फक्त रस्ता बघण्यासाठी, तेही लक्ष विचलित न होता, वापरायला नियमाने परवानगी आहे. टाइप करणं, थांबे बदलणं हे गाडी बाजूला घेऊन किंवा क्लीनरकडून करून घ्यावं. आवाज हिंदीत ठेवला की स्क्रीनकडे बघण्याची गरजच कमी होते.

ट्रॅकर ही वेगळी वस्तू आहे. डॅशबोर्डच्या आत बसवलेला ट्रॅकर गाडी कुठे आहे ते मालकाला सांगतो, रस्ता दाखवत नाही. बॅटरीचा कटऑफ स्विच बंद केल्यावर तो बंद पडला असं वाटलं तर वायर ओढू नका, गाडी दुकानावर घेऊन या.

नवीन लाइनवर पहिल्यांदा निघणार असाल तर पार्टीचा पत्ता आणि गाडीची उंची घेऊन आदल्या दिवशी दुकानात या. थांबे टाकून आणि ऑफलाइन नकाशा उतरवून आम्ही फोन तयार करून देतो. आमच्या ग्राहकांना याचे पैसे लागत नाहीत.