चेहरा खरवडलेलं नाणं

तुर्कस्तानच्या नैर्ऋत्येला स्त्रातोनिकेया या जुन्या शहराचे अवशेष आहेत. रोमन काळात तिथली टांकसाळ काशाची नाणी पाडायची. त्यातलं इसवी सन 200च्या सुमाराचं एक मोठं नाणं पाहू. 35 मिलिमीटरच्या आसपास व्यास, म्हणजे चांगलं तळहातात भरणारं. एका बाजूला समोरासमोर दोन चेहरे असायला हवेत: सम्राट सेप्टिमियस सेव्हेरसचे मुलगे, काराकल्ला आणि गेटा. काराकल्ला जागेवर आहे. समोरचा भाग मात्र खरवडून सपाट केलाय.

डिसेंबर 211 मध्ये काराकल्लाने धाकट्या भावाचा, आईच्या मिठीत असताना, खून करवला. मग त्याचं नाव-रूप पुसून टाकायचा हुकूम निघाला. रोममधल्या सेव्हेरसच्या कमानीवरून गेटाचं नाव काढलं गेलं, आणि शेकडो मैलांवरच्या या गावात कुणीतरी छिन्नी घेऊन सुट्या पैशांवर बसलं.

नाणी सरळ वितळवली का नाहीत? माझ्या मते हा हिशेबाचा मामला असावा. देनारियस हे चांदीचं नाणं साम्राज्याचं. बाजारातली मोड मात्र पूर्वेकडची शेकडो शहरं आपापली पाडत. तांबं, कथील आणि बरंचसं शिसं यांचा हा मिश्रधातू. शिशामुळे रस पातळ होतो, ओतायला सोपा जातो, शिवाय ते स्वस्त. अशा नाण्याची किंमत धातूपेक्षा शहराच्या शब्दावर जास्त उभी असते. पुन्हा पाडायचं तर भट्टी, ठसे, मजुरी सगळं आलं. खरवडणं स्वस्तात पडतं.

पण खरवडलेलं नाणं दुकानदार घेईल कशाला? म्हणून त्यावर छोटा ठसा मारलेला दिसतो. हे आमचंच नाणं, चालवा, असं शहराने सांगितल्यासारखं. ठसा चेहऱ्याच्या बाजूने ठोकला की मागचा भाग थोडा चपटा होतो. असं नाणं हातात आलं तर आधी तो चपटेपणा पाहावा.

गेटा काही एकटा नाही. काराकल्लाची बायको प्लॉटिला, तिचा बाप 205 मध्ये मारला गेला, ती हद्दपार झाली, पुढे तिचाही जीव घेतला. नवरा-बायकोच्या जोडनाण्यांवरून याच शहरात तिलाही काढून टाकलंय. नाण्याच्या मागच्या बाजूवरच्या हेकटी या ग्रीक देवीला मात्र कुणी छिन्नी लावली नाही. तिचं मोठं देऊळ जवळच लागिनाला होतं, आणि तिच्याशी रोमच्या राजवाड्यातल्या भांडणाचा काय संबंध!