सोनोग्राफी सेंटरचं दरमहा ऑडिट: नोंदणी, कागदपत्रं आणि एफ फॉर्मची तपासणी

गर्भवतीच्या प्रत्येक सोनोग्राफीसाठी भरायच्या एफ फॉर्ममधली चूक कायदा किरकोळ धरत नाही. पीसीपीएनडीटी, म्हणजे गर्भलिंगनिदानाला बंदी घालणाऱ्या कायद्याच्या कलम 4(3) नुसार गर्भवतीच्या सोनोग्राफीची नोंद अपुरी किंवा चुकीची असली, तर कलम 5 किंवा 6 चा (गर्भाचं लिंग सांगण्यावरच्या किंवा तपासण्यावरच्या बंदीचा) भंग झाला असं मानलं जातं आणि तसं नाही हे डॉक्टरांनाच सिद्ध करावं लागतं. 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयानंही ही तरतूद कायम ठेवली. मला ती योग्यच वाटते, कारण गर्भलिंगनिदान बंद दाराआड होतं आणि मागे पुरावा उरतो तो कागदाचाच.

नोंदणीसाठी फॉर्म ए भरून समुचित प्राधिकाऱ्यांकडे, म्हणजे हा कायदा राबवण्यासाठी सरकारनं नेमलेल्या अधिकाऱ्यांकडे द्यायचा. फक्त सोनोग्राफी सेंटर असेल तर शुल्क 25,000 रुपये. सोबत गर्भलिंग तपासणार किंवा सांगणार नाही असं प्रतिज्ञापत्र, तसा फलक लावण्याची हमी, डॉक्टरांची पदवी किंवा प्रशिक्षणाचं प्रमाणपत्र, मेडिकल कौन्सिलची नोंदणी, मशीनची आणि जागेची कागदपत्रं जोडायची. एका डॉक्टरला एका जिल्ह्यात जास्तीत जास्त दोनच सेंटरवर सोनोग्राफी करता येते. फॉर्म बी मधलं नोंदणीचं प्रमाणपत्र पाच वर्षं चालतं. मुदत संपण्याच्या 30 दिवस आधी नूतनीकरणाचा अर्ज द्यावा.

आता ऑडिट. प्राधिकाऱ्यांची तपासणी दर 90 दिवसांनी व्हायची असते, पण सेंटरचा मासिक अहवाल त्यांच्याकडे पुढच्या महिन्याच्या 5 तारखेपर्यंत जातो. म्हणून 1 किंवा 2 तारखेलाच ऑडिटला बसा. फॉर्म भरणाऱ्या व्यक्तीनं स्वतःचेच फॉर्म तपासू नयेत. दुसऱ्या कुणाला तरी नेमा. गर्भवतींचं रजिस्टर, एफ फॉर्म, पावतीपुस्तक आणि मशीनमध्ये साठलेल्या तपासण्या, या चारही ठिकाणचे आकडे जुळले पाहिजेत. फरक निघाला तर त्याचा उलगडा झाल्याशिवाय अहवालावर सही करू नका.

मग एकेक फॉर्म हातात घ्या. हयात मुलगे किती, मुली किती, प्रत्येकाचं वय काय? शेवटच्या पाळीची तारीख किंवा गर्भाचे आठवडे लिहिलेत का? तपासणीचं कारण दिलेल्या यादीतलं आहे का? संदर्भचिठ्ठी (तपासणी सुचवणाऱ्या डॉक्टरांची चिठ्ठी) जोडलेली आहे का? इथेच बहुतेक घोळ होतो. ‘सेल्फ रेफरल’ म्हणजे तपासणी करणाऱ्या डॉक्टरांनी स्वतः ठरवलेली तपासणी. बाई किंवा नातेवाईक येऊन ‘सोनोग्राफी करा’ म्हणाले तर ते सेल्फ रेफरल होत नाही. बाईंनी अंगठा दिला असेल तर ओळख पटवणाऱ्याचं नाव, वय, नातं, पत्ता आणि सही हवी. बाईंचं (गर्भाचं लिंग जाणून घ्यायचं नाही असं) आणि डॉक्टरांचं (ते तपासलं किंवा सांगितलं नाही असं), दोन्ही घोषणापत्रं तपासणीच्याच दिवशीची हवीत.

राहिलेला रकाना मागच्या तारखेनं भरू नका, व्हाइटनर तर लावूच नका. सापडलेली त्रुटी ऑडिटच्या वहीत आजच्या तारखेनं लिहा, डॉक्टरांना दाखवा आणि तोच रकाना पुन्हा पुन्हा सुटत असेल तर भरणाऱ्याला समोर बसवून शिकवा.

फलक मराठी आणि इंग्रजीत दर्शनी भागी आहे का, कायद्याची प्रत सेंटरवर आहे का, हेही त्याच वेळी पाहून घ्या. डॉक्टर, मशीन किंवा पत्ता बदलणार असेल तर 30 दिवस आधी कळवावं लागतं. सगळी कागदपत्रं किमान दोन वर्षं जपायची. प्रकरण न्यायालयात असेल तर अंतिम निकाल लागेपर्यंत.