बारीक माणसाला शुगर कशी? पुण्याजवळच्या सहा गावांतून निघालेलं उत्तर

‘तुम्हाला शुगर? अहो, तुम्ही तर किती बारीक!’ मधुमेह झालेल्या सडपातळ माणसाला हे लग्नाच्या पंगतीत ऐकावं लागतं, औषधाच्या दुकानातही ऐकावं लागतं. बोलणाऱ्याचा हेतू वाईट नसतो. शुगर म्हणजे खाणंपिणं जास्त, हालचाल कमी आणि सुटलेलं पोट, हे चित्र आपल्या डोक्यात इतकं पक्कं बसलंय, की हातापायांच्या काड्या असलेल्या माणसाचा रिपोर्ट त्यात कुठे बसवायचा ते कळत नाही.

एप्रिल २०२५ मध्ये बँकॉकच्या परिषदेत आंतरराष्ट्रीय मधुमेह महासंघाने ‘टाइप ५’ या नावाने एका वेगळ्या मधुमेहाला मान्यता दिली. कुपोषणातून, अतिशय बारीक अंगाच्या माणसांना होणारा हा आजार. बातमी आली तेव्हा अनेकांना तो नवा वाटला. पण कृश माणसाचा मधुमेह आपल्याकडे सुश्रुतसंहितेतही आहे. तिथे प्रमेहाचे दोन प्रकार सांगितले आहेत, जन्मजात आणि अपथ्यामुळे होणारा; पहिल्याचा रोगी कृश, दुसऱ्याचा बहुधा स्थूल. आधुनिक वैद्यकाने मात्र या कृश रोग्याकडे बराच काळ अपवाद म्हणून पाहिलं. त्याच्याबद्दलची समज बदलण्यात पुण्याचा वाटा फार मोठा आहे, आणि तो मराठी वाचकाला नीट माहीत असायला हवा, असं मला मनापासून वाटतं.

१९८० च्या दशकात डॉ. चित्तरंजन याज्ञिक ऑक्सफर्डहून पुण्याला परतले आणि केईएम रुग्णालयात मधुमेहाचं काम करू लागले. इंग्लंडमध्ये शिकलेला मधुमेह आणि पुण्याच्या ओपीडीत दिसणारा मधुमेह यांचा मेळ बसेना. इथले रोगी युरोपातल्यांपेक्षा वयाने लहान होते आणि अंगाने बारीक होते. उंची-वजनाच्या गणितात, म्हणजे बीएमआयमध्ये, ते लठ्ठ ठरत नव्हते. पण कमरेभोवती टेप लावला की पोटाचा घेर शरीराच्या मानाने जास्त निघे. हात-पाय काटक्या, आणि मधे छोटीशी ढेरी. अशी अंगकाठी आपण घराघरात पाहतो आणि ‘वय झालं की पोट येतंच’ म्हणून सोडून देतो.

त्या वेळी मधुमेहाचा दोष बहुतेक जण जनुकांवर टाकत. १९६२ साली जेम्स नील यांनी ‘काटकसरी जनुका’ची कल्पना मांडली होती. दुष्काळात तगून राहिलेल्या पूर्वजांकडून चरबी साठवणारी जनुकं आली आणि सुबत्तेत तीच अंगावर उलटली, असा तो विचार. मग इंग्लंडमधल्या जुन्या वह्यांनी त्याला दुसरी बाजू दिली. हर्टफर्डशायर परगण्यात १९११ पासून सुईणी प्रत्येक बाळाचं जन्मवजन आणि वर्षाचं झाल्यावरचं वजन वहीत टिपून ठेवत. साउदॅम्प्टनच्या डेव्हिड बार्कर यांच्या चमूने त्या वह्या शोधल्या आणि त्यातली बाळं साठी ओलांडलेली असताना त्यांना गाठून तपासलं. जन्मतः जी हलकी होती, त्यांच्यात मधुमेह आणि हृदयविकार जास्त निघाला. केंब्रिजचे निक हेल्स आणि बार्कर यांनी १९९२ मध्ये सांगितलं, की काटकसर पोटात असतानाच शिकली जाते. आईकडून पुरेसं पोषण आलं नाही, तर गर्भ मेंदू वाचवतो आणि बाकीच्या अवयवांच्या वाट्याला कमी येतं. त्यात साखर आवरणारं इन्सुलिन बनवणारं स्वादुपिंडही आलं.

बार्कर आणि त्यांच्या सहकारी डॉ. कॅरोलाइन फॉल पुण्यात आले. कमी वजनाची बाळं हा आपल्याकडे रोजचाच विषय. तेव्हा हा विचार तपासायला याहून योग्य जागा कुठली? केईएममध्ये जन्मलेल्या मुलांची जन्मवजनं दप्तरात होती. चार वर्षांच्या त्या मुलांना ग्लुकोज पाजून रक्त तपासलं, तेव्हा जन्मतः हलक्या मुलांच्या रक्तात साखर आणि इन्सुलिन दोन्ही जास्त निघालं. हा निष्कर्ष १९९५ मध्ये प्रसिद्ध झाला. चार वर्षांचं पोर, ज्याने अजून शाळेची पायरी चढलेली नाही! त्याच्या तब्येतीला ‘बैठी जीवनशैली’ कशी जबाबदार धरायची?

पुढचा आणि खरा मोठा टप्पा १९९३ मध्ये सुरू झाला. पुण्याजवळच्या सहा खेड्यांत ‘पुणे मॅटर्नल न्यूट्रिशन स्टडी’ उभी राहिली. गर्भारपणापासून मोजायचं, तर आधी गर्भ राहिलेला कळला पाहिजे. म्हणून कार्यकर्त्या दर महिन्याला घरोघरी जाऊन विवाहित बायकांच्या पाळीची तारीख टिपत. पाळी चुकली की सोनोग्राफी होई, मग आहाराची नोंद, रक्त तपासणी आणि कामाची विचारपूस. असं आठशेच्या आसपास गरोदर बायकांच्या बाबतीत झालं. या बायकांची सरासरी उंची १५२ सेंटिमीटर आणि वजन ४२ किलो होतं. दिवसाचं खाणं साधारण पावणेदोन हजार कॅलरींचं, त्यात प्रथिनं ४५ ग्रॅमच्या आसपास. आणि शेतात राबणं, पाणी भरणं, जळण आणणं चालूच.

त्या बाळांची मोजणी कशी व्हायची ते जवळून पाहण्यासारखं आहे. जन्मापासून बहात्तर तासांच्या आत बाळाचं वजन, लांबी, डोक्याचा, दंडाचा, पोटाचा घेर घेतला जाई. मग दंडामागे आणि खांद्याच्या फऱ्याखाली कातडीची चिमट धरून तिची जाडी कॅलिपरने मोजायची. फऱ्याखालची ती चिमट म्हणजे कातडीखालच्या चरबीचा अंदाज. हाताने धरायची, हलकेच सोडायची, आकडा वाचायचा. काम काही सेकंदांचं, पण दर वेळी तितक्याच बारकाईने करावं लागतं.

हेच आकडे साउदॅम्प्टनमध्ये जन्मलेल्या गोऱ्या बाळांच्या आकड्यांशेजारी ठेवले, तेव्हा सगळं चित्र पालटलं. पुण्याकडचं बाळ सरासरी २.७ किलो, तिकडचं ३.५ किलो. म्हणजे आपलं बाळ सगळ्याच बाबतीत लहान असायला हवं. तसं ते होतंच, पण सारख्या प्रमाणात नव्हे. पोटाचा घेर, म्हणजे आतले यकृतासारखे अवयव, आणि दंडाचा घेर, म्हणजे स्नायू, यांत ते सगळ्यात मागे पडलं. फऱ्याखालची चरबी मात्र जवळजवळ टिकून होती. इतकं हलकं, दिसायला हडकुळं बाळ, आणि अंगाच्या मानाने चरबीचा वाटा जास्त. २००३ मध्ये हा निबंध प्रसिद्ध झाला आणि ‘थिन-फॅट इंडियन बेबी’ हा शब्द जगभर गेला. त्याच्या आदल्या वर्षी नाळेतल्या रक्ताचा अभ्यास आला होता. पुण्याच्या बाळांच्या नाळेत लंडनच्या बाळांपेक्षा इन्सुलिन जास्त होतं. जन्माच्या क्षणीच.

याचा मधुमेहाशी संबंध असा. जेवल्यावर रक्तात आलेली साखर मुख्यतः स्नायू उचलतात. स्नायूच कमी असतील तर साखरेला जागा कमी. त्यात जास्तीच्या चरबीमुळे शरीर इन्सुलिनला नीट दाद देत नाही, म्हणून स्वादुपिंडाला जास्त इन्सुलिन सोडावं लागतं. आणि ते स्वादुपिंडही पोटात असतानाच कमी भांडवलावर घडलेलं. तरुणपणी कसंबसं निभावतं. मग शहरातली नोकरी, बसून काम, चार-पाच किलो वजन वाढलं, की इंग्रजाला ज्या वजनाचा काही त्रासही झाला नसता, त्या वजनावर आपला माणूस शुगरच्या गोळीवर येतो.

या सगळ्याचं एक चित्र लोकांच्या कायमचं लक्षात राहिलं. जानेवारी २००४ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात याज्ञिक आणि लंडनचे जॉन युडकिन यांचे शेजारी शेजारी फोटो छापून आले. दोघांचा बीएमआय सारखाच, २२.३. पण डेक्सा यंत्राने अंगातली चरबी मोजली, तर युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिक यांची २१.२ टक्के. युडकिन मॅरेथॉन धावणारे, त्यामुळे व्यायामाचा भाग त्यात होताच, आणि तो दोघांनी लिहूनही टाकला. पण स्वतः याज्ञिकही कमी जन्मवजनाचेच, हेही त्यांनी सांगितलं. त्याच वर्षी जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञांनी आशियाई लोकांसाठी २३ या बीएमआयपासूनच सावध व्हावं असं सुचवलं. २००९ मध्ये भारतीय तज्ज्ञांनी २३ च्या वर जादा वजन, २५ च्या वर लठ्ठपणा, आणि कमरेचा घेर पुरुषांत ९० व बायकांत ८० सेंटिमीटरच्या आत, अशा मर्यादा ठरवल्या. तरी अजूनही कितीतरी दवाखान्यांत वजनकाट्यावर उभं केलं जातं, टेप मात्र कुणी काढत नाही. हे मला खटकतं, कारण टेपला पैसे लागत नाहीत.

सहा खेड्यांतल्या आहाराच्या नोंदींनी आणखी एक अनपेक्षित गोष्ट दाखवली. आघारकर संशोधन संस्थेच्या डॉ. शोभा राव आणि सहकाऱ्यांनी २००१ मध्ये मांडलं, की बाळाच्या आकाराचा संबंध आईने खाल्लेल्या एकूण कॅलरींशी किंवा प्रथिनांशी फारसा दिसला नाही. संबंध दिसला तो पालेभाजी, फळं आणि दूध यांच्याशी. फोडणीच्या मेथीत, चुक्यात, वाटीभर दुधात असं काहीतरी होतं, जे नुसत्या भाकरीने पोट भरून मिळत नव्हतं. मग सूक्ष्म पोषकांकडे लक्ष वळलं, आणि बी-१२ हे जीवनसत्त्व समोर आलं. सुमारे दोन-तृतीयांश मातांमध्ये बी-१२ कमी होतं, फॉलेटची, म्हणजे फॉलिक अॅसिडची, कमतरता मात्र जवळजवळ कुणालाच नव्हती. २००८ मध्ये आलेल्या निबंधात असं दिसलं, की ज्या मातांमध्ये फॉलेट जास्त आणि बी-१२ कमी, त्यांची मुलं सहाव्या वर्षी इन्सुलिनला सगळ्यात कमी दाद देत होती. याचा अर्थ कुणी फॉलिक अॅसिडची गोळी बंद करावी असा घेऊ नये. बाळाच्या मणक्याचे व मेंदूचे जन्मदोष टाळायला ती लागतेच. मुद्दा एवढाच, की शरीरात ही दोन्ही जीवनसत्त्वं जोडीने काम करतात आणि आपण एकाचीच गोळी वाटत आलो. पुरेसं दूध न परवडणाऱ्या शाकाहारी घरात बी-१२ येणार कुठून?

ती मुलं मोठी होत गेली आणि अभ्यास त्यांच्या मागोमाग चालत राहिला. सहाव्या वर्षी तपासणी, बाराव्या वर्षी तपासणी, मग अठराव्या. अठराव्या वर्षीचा निकाल २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला आणि मला तो या सगळ्या गोष्टीतला सर्वांत अस्वस्थ करणारा भाग वाटतो. जवळपास निम्मी मुलं-मुली कमी वजनाच्या, बीएमआय १८.५ च्या खाली. आणि तरीही मुलग्यांपैकी ३७ टक्के व मुलींपैकी १८ टक्के जणांची साखर नेहमीपेक्षा वर; त्यातले बहुतेक मधुमेहाच्या उंबरठ्यावर. मागे वळून पाहिलं तर यांची उपाशीपोटीची साखर सहाव्या वर्षीच इतरांपेक्षा किंचित जास्त होती, जन्मतः लांबी कमी होती, आणि स्वादुपिंडाची भरपाई करायची ताकद लहानपणापासून तोकडी होती. खेड्यातली, सायकलवर शाळेत जाणारी, बारीक पोरं.

पुण्यातूनच आलेल्या २०२२ च्या दुसऱ्या निबंधाने याला जोड दिली. तरुणपणी मधुमेह झालेल्या भारतीय रोग्यांचे गट पाडले, तर स्वीडनच्या तुलनेत इन्सुलिनच कमी बनणाऱ्यांचा गट इथे फार मोठा निघाला. ‘टाइप ५’ची कहाणी याला समांतर चालते. १९५५ मध्ये फिलिप ह्यू-जोन्स यांनी जमैकात असे कृश रोगी पाहिले. जागतिक आरोग्य संघटनेने १९८५ मध्ये कुपोषणजन्य मधुमेहाला वेगळी जागा दिली, आणि १९९९ मध्ये पुरावा अपुरा म्हणून ती काढून टाकली. २०२२ मध्ये वेल्लोरचे डॉ. निहाल थॉमस आणि न्यूयॉर्कच्या मेरेडिथ हॉकिन्स यांच्या चमूने दाखवलं, की या रोग्यांत इन्सुलिनला दाद बरी मिळते, पण इन्सुलिनच फार कमी तयार होतं. याज्ञिकांचं चरबीचा वाटा जास्त असलेलं बारीक बाळ आणि वेल्लोरचा चरबी नसलेला कृश रोगी, ही दोन वेगळी माणसं आहेत. दोघांनाही ‘टाइप २’च्या एकाच टोपलीत घालणं बरोबर नव्हतं, एवढं मात्र आता स्पष्ट आहे.

मार्च २०२५ मध्ये मौंजारो आणि जूनमध्ये वेगोव्ही भारतात आलं, तेव्हापासून वजन उतरवणाऱ्या इंजेक्शनांचीच चर्चा जास्त आहे. ज्यांना ती लागतात, त्यांना ती मिळावीत. पण वेगोव्हीच्या मुख्य चाचण्यांत तिशीच्या वरचा बीएमआय, किंवा दुसरा आजार असल्यास २७, अशी अट होती, आणि वजन उतरताना स्नायूही काही प्रमाणात जातात. ज्यांच्या अंगात स्नायू मुळातच कमी, त्यांच्यासाठी काय, हा प्रश्न आपल्याच संशोधकांना विचारावा लागेल. २०२३ च्या देशव्यापी पाहणीत दहा कोटींहून अधिक मधुमेही आणि साडेतेरा कोटींवर उंबरठ्यावरचे निघाले. गोव्यात तर प्रमाण २६.४ टक्के, देशात सर्वाधिक.

त्या सहा खेड्यांत काम थांबलेलं नाही. १९९० च्या दशकातल्या त्याच बाळांपैकी काहींना, ती पौगंडावस्थेत आल्यावर, २०१२ पासून ‘प्रिया’ नावाच्या चाचणीत रोज बी-१२ दिलं गेलं. मात्रा अगदी थोडी, दोन मायक्रोग्रॅम. हेतू असा, की ती आई-बाप होण्याआधीच त्यांच्या अंगात ते पुरेसं असावं. त्यांची लग्नं झाली, घरी पाळणे हलले. त्या तिसऱ्या पिढीच्या बाळांच्याही फऱ्याखालची चिमट पुन्हा कॅलिपरमध्ये धरली गेली.